शेजारच्या सीटवरचं खोकं

टूसॉनच्या फेडरल कोर्टातली लिफ्ट सावकाश चढते.
तेवढ्यात मी कॅनव्हासचे बूट काढून कोर्टातले घालते
आणि आरोपपत्राचं पहिलं पान पुन्हा बघते:
अमेरिकेची संयुक्त संस्थानं विरुद्ध यादिरा मोंतीहो.
अख्खा देश एका बाजूला.
दुसऱ्या बाजूला वृद्धाश्रमात चादरी बदलणारी
चोवीस वर्षांची मुलगी,
आणि मी, जिला पगार तोच देश देतो.

सात रायफली, अकरा आठवडे.
दुकान डोनटवाल्याला लागून.
फॉर्मवरच्या एका प्रश्नाशी सगळं अडलंय:
घेणारी तूच ना? स्वतःसाठी?
सातही वेळा 'हो'वर खूण, निळ्या शाईत.
सातव्या खेपेला खुणेची शेपटी चौकोनाबाहेर गेलीय.
सरकारी वकील स्प्रॅग म्हणतात, मन खात होतं तिला.
मी म्हणते, पेन दुकानाचं होतं, साखळीला बांधलेलं,
आणि साखळी आखूड.

कायदा एवढंच विचारतो: तिला माहीत होतं का?
माहीत असणं, ठाऊक असणं,
कुणकुण लागणं,
वास आला म्हणून उठून खिडकी उघडणं
आणि परत येऊन बसणं,
कळून वेड पांघरणं,
सगळं त्याच्या एकाच खणात कोंबायचं.

मावसभाऊ म्हणाला होता, मित्रांना रानडुकरं मारायचीत.
दर रायफलीमागे शंभर डॉलर.
इतके मित्र कुठून आले, हे तिनं विचारलं नाही.
न विचारणं हा गुन्हा नव्हे, असं मी ज्युरीला सांगणार.
विचारलं नाही कारण उत्तर ठाऊक होतं, असं स्प्रॅग सांगणार.
मग दुपारी आम्ही दोघं एकाच गाडीवर
टामाले घ्यायला रांगेत उभे राहणार,
हवेबद्दल बोलत.

तिसऱ्या रायफलीचा नंबर
सीमेपलीकडे एका टायरवाल्याच्या पंचनाम्यात सापडला.
टायरवाल्याचं नाव एउसेबियो.
तो कागद ज्युरीपुढे येऊ नये असा अर्ज मी केला;
मनावर अवाजवी परिणाम होईल, असं कारण दिलं.
अर्ज मंजूर झाला.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही,
असं लिहिलं तर शोभून दिसेल.
गेलं. दोनदा वाढून घेतलं.

आता ती चित्रफीत.
पार्किंगमधला कॅमेरा, आवाज नाही.
मागच्या सीटवर भाचीची खुर्ची,
म्हणून यादिरा लांबट खोकं पुढे ठेवते, तिरकं.
गाडी सुरू करते. थांबते.
मग वाकून खोक्याला पट्टा लावते,
नीट, ओढून बघून.
स्प्रॅग ती अठरा सेकंदं तीनदा दाखवणार आहेत.
बघा कशी जपतेय. आत काय आहे, पुरतं ठाऊक आहे तिला.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत मी तिला विचारलं,
पट्टा का लावलास?
ती पहिल्यांदाच हसली.
"गाडी ओरडायला लागली होती ना.
सीटवर वजन आलं की तिला वाटतं
माणूस बसलाय."
पिवळ्या वहीत मी ते उतरवून घेतलं.
ते आमच्या बाजूचं की त्यांच्या,
समासात काहीच लिहिलं नाही.

काल रात्री ऑफिसातून निघताना
फायलींचं खोकं मी शेजारच्या सीटवर ठेवलं.
पहिल्या वळणावरच गाडी बोंबलायला लागली.
पट्टा हाताशी होता.
लावला नाही.
तीन मैल, चार सिग्नल,
एका सिग्नलला शेजारच्या ट्रकवाल्यानं काच खाली करून बघितलं.
घराशी इंजिन बंद केलं तरी
तो आवाज थोडा वेळ कानातच राहिला.
खोकं दोन्ही हातांनी उचलावं लागलं.
तळाशी माझाच तो मंजूर अर्ज,
परिच्छेद चार,
तिथे एकदा, एकदाच, एउसेबियो.